अक्षर आणि अक्षराचे चित्र

१

संगणकाची कार्यप्रणाली बदलणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी कोणीतरी एक यादी ठेवते. डाव्या रकान्यात जुने नाव, उजव्यात नवे. वर्डऐवजी लिबरऑफिस रायटर, फोटोशॉपऐवजी गिंप, कोरलड्रॉऐवजी इंकस्केप, पेजमेकरऐवजी स्क्रायबस. यादीच्या डोक्यावर एकच शब्द असतो, 'पर्याय'. मलाही ती मिळाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सोय संगणकात असावी लागते. माझा संगणक २०१३ सालचा. चालती वस्तू भंगारात देणे जिवावर आले. भिवंडीत डीटीपीचे काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच संगणकावर लिनक्स बसवून दिले आणि यादीचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "बाई, सगळ्याला पर्याय आहे. तुमचं काही अडणार नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, छायाचित्रे पाहणे, यांतले काहीच अडले नाही. अडले ते जिथे अडेल असे त्या यादीत कुठेच लिहिलेले नव्हते तिथे. प्रस्तुत लेख त्या अडण्याविषयी आहे. त्यातून मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगते: सॉफ्टवेअरला सॉफ्टवेअरचा पर्याय मिळतो, बहुधा एका दुपारीत मिळतो. मराठीच्या बाबतीत खरा प्रश्न मजकुराचा आहे. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत आपण संगणकावर जे मराठी लिहिले, त्यातले बरेचसे संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. ती मराठी अक्षरांची चित्रे आहेत. पर्यायांची कोणतीही यादी या गोष्टीची दखल घेत नाही, म्हणून ती यादी अपुरी आहे.

२

माझे अडले ते एका शब्दसंग्रहात. खारबाव हे दिवा–वसई रेल्वेमार्गावरचे, कामणरोड आणि भिवंडीरोड यांच्या मधले स्थानक. एका अंगाला खाडी, खाजण, भाताची शेते. दुसऱ्या अंगाने दरवर्षी पुढे सरकणारी भिवंडीची गोदामे. शाळेत मराठी शिकवत असताना, १९९८ पासून, मी इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या वयस्क बायकांच्या तोंडचे आगरी शब्द टिपून ठेवू लागले. मिठागराचे, खारबंदिस्तीचे, भाताचे, मासळीचे, लग्नातल्या धवल्यांतले. खाडीचे पाणी आत घेण्या-सोडण्यासाठी बांधात ठेवलेले दार ती 'उघाडी'. चिखलात उड्या मारणारी ती 'निवटी'. असे सुमारे तीन हजार शब्द झाले. आगरीत पुष्कळदा 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो: डोळ्याचा डोला, पाण्याचे पानी. पण तो सगळ्यांच्या तोंडी सारखा होत नाही. शाळेची पायरी चढलेली बाई एखाद्या शब्दात 'ळ' म्हणते, तिचीच थोरली जाऊ 'ल' म्हणते. म्हणून प्रत्येक शब्दापुढे कोणाकडून ऐकला ते लिहायचे आणि उच्चार ऐकला तसाच ठेवायचा, असा नेम मी घालून घेतला होता.

२६ जुलै २००५ च्या पुरात माझ्या मूळ वह्या भिजून लगदा झाल्या. तोपर्यंत बहुतेक नोंदी संगणकात उतरल्या होत्या, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला होता. मराठी मेनूंमध्ये 'सेव्ह'साठी 'जतन करा' असा शब्द असतो. मी ते बटण हजारो वेळा दाबलेले होते.

नव्या कार्यप्रणालीवर ती फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वरचिन्हे, पौंडाची आणि टक्केवारीची खूण असा कचरा आला. विद्यार्थी फोनवर म्हणाला, "बाई, जुना फॉन्ट टाका म्हणजे दिसेल." फॉन्टची फाइल जुन्या डिस्कवरून आणून बसवली आणि खरोखरच सगळे दिसू लागले. खाजण, उघाडी, निवटी, ओळीने जसेच्या तसे. नवीन नोंद मात्र टंकता येईना, कारण त्या पॅकेजचा कळफलक डोंगल लावल्याशिवाय चालत नसे आणि ते डोंगल लिनक्सने ओळखले नाही. तेवढे एक सोडले तर काम भागले असे वाटले.

मग मी शोधाच्या चौकटीत 'खाजण' असे लिहिले. उत्तर आले: सापडले नाही. शब्द डोळ्यांसमोर होता, पडद्याच्या मधोमध. संगणक म्हणत होता की असा शब्द या फाइलमध्ये नाही. आणि संगणकाचे बरोबर होते.

३

हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये एकूण २५६ खण. त्यांतले काही यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. उरलेल्यांत रोमन अक्षरे, अंक, चिन्हे असतात. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच खणांत रोमन अक्षरे काढून देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा ख, अर्धा ब, काना, वेलांटी, मात्रा, रफार, काही तयार जोडाक्षरे. छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवायचा त्याच तर्काने. 'खारबाव' हा सहा वर्णचिन्हांचा शब्द अशा फॉन्टमध्ये अर्धा ख, काना, काना, र, अर्धा ब, काना, काना, अर्धा व, काना असा नऊ तुकड्यांचा होतो. 'भिवंडी' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि मग भ, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र यातले काहीच नसते. तिथे असतात फक्त त्या त्या खणांचे आकडे, ज्यांचा अर्थ फॉन्ट काढून घेतल्यावर रोमन अक्षरे, स्वरचिन्हे आणि खुणा एवढाच. शिवाय प्रत्येक पॅकेजने तुकडे आपापल्या सोयीने वेगवेगळ्या खणांत ठेवले. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'श'.

असे का झाले? कोणी मुद्दाम केले म्हणून नव्हे. देवनागरीसाठी अक्षरांवर आधारलेली संकेतपद्धती आपल्याकडे तुलनेने लवकर तयार झाली होती. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ चा. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९८८ ची, आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान याच विचाराचे: आधी अक्षर काय ते साठवा, ते कसे दिसावे हे नंतर ठरवा. १९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिचा देवनागरी विभाग इस्कीवरच बेतलेला होता. म्हणजे 'अक्षर साठवावे, चित्र नव्हे' हा शहाणपणा उशिरा सुचलेला नाही. तो होताच.

पण मराठी प्रकाशन व्यवसायाचे यंत्र वेगळे होते. त्याचे नाव पेजमेकर. १९८५ साली आल्डस कंपनीने ते आणले, १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेले, आणि २००१ मध्ये त्याची शेवटची, सातवी आवृत्ती निघाली. त्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत पेजमेकरला युनिकोड ठाऊक नव्हते. त्याला इंग्रजी अक्षरांसारखी एकापुढे एक ठेवायची चित्रे तेवढी समजत. त्यामुळे पेजमेकरवर मराठी पुस्तक लावायचे तर तुकड्यांचे फॉन्ट हाच मार्ग होता. विंडोज २००० बरोबर प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट आला तरी पृष्ठमांडणीच्या टेबलावर त्याचा उपयोग नव्हता. विंडोज एक्सपीवरसुद्धा देवनागरी नीट दिसण्यासाठी मूळ सीडी घालून एक जादा सोय सुरू करावी लागे. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडणी सर्वसाधारण वापरकर्त्याच्या हाती आली ती २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत. तोवर डीटीपीवाल्यांकडे मराठी मॅटर यायचे, जुळायचे, ट्रेसिंग निघायचे, छापले जायचे. फाइलचे काम तिथे संपत असे. कागद हेच अंतिम ठिकाण मानले तर अक्षराचे चित्र आणि अक्षर यांत फरक करण्याचे कारणच उरत नाही.

फरक कळतो तो यंत्र बदलताना. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती आज कोणीही उघडून वाचू शकतो. १९९८ साली माझ्या संगणकावर लिहिलेली फाइल वाचायला एक विशिष्ट फॉन्ट, तोही विशिष्ट आवृत्तीचा, जवळ असावा लागतो. भिवंडीत हातमाग गेले, यंत्रमाग आले, आता धोट्याशिवाय चालणारे नवे माग आले; माग बदलला म्हणून आधी विणलेला तागा कोणाच्या कपाटात उसवला नाही. मजकुराचे मात्र तसे झाले.

४

यंत्रापुढे लिपीने नमते घेणे मराठीला नवे नाही. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून सावरकरांनी अि, अी, अु, अू अशी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली आणि किर्लोस्कर मासिकांनी ती दीर्घकाळ छापली. टंकलेखनयंत्राच्या मर्यादित कळांसाठी जोडाक्षरे पाय मोडून लिहिण्याची सवय लागली. या तडजोडी उघड्या होत्या, कागदावर दिसत होत्या आणि म्हणून त्यांच्यावर वादही झाले. तुकड्यांच्या फॉन्टची तडजोड डोळ्यांना दिसत नाही. छापलेल्या पानावर ती सुंदरच दिसते, पुष्कळदा युनिकोडच्या सुरुवातीच्या फॉन्टपेक्षा सुंदर. मराठी वळणाचा ल आणि श आपल्याला त्या फॉन्टांनी दिला तेव्हा मंगलमध्ये तो हिंदी वळणाचा होता. या सौंदर्यामुळेच या पद्धतीवर साहित्यिकांनी कधी टीका केली नाही असे मला वाटते. पान चांगले दिसत होते, आणि पानापलीकडे पाहण्याची आपल्याला सवय नव्हती.

युनिकोड आल्याने सगळे सरळ झाले असेही नाही, आणि हे मला माझ्या फाइलनेच शिकवले. मी ती रूपांतराला घातली. हौशी मंडळींनी जुन्या फॉन्टांसाठी रूपांतर करणारी छोटी साधने तयार केलेली आहेत. त्यांतल्या एकाने काही सेकंदांत तीन हजार नोंदी युनिकोडमध्ये आणून दिल्या. 'खाजण' शोधले, सापडले. त्या क्षणी झालेला आनंद मी नाकारत नाही. पुढचे चार महिने मात्र त्या काही सेकंदांचे मुद्रितशोधन करण्यात गेले.

पहिल्या प्रकारच्या चुका क्रमाच्या. वेलांटी आधी आणि रफार नंतर अशा दृश्यक्रमातून उच्चारक्रमात येताना, जिथे दोन्ही एका शब्दात होती तिथे, रफार पुढच्याच्या किंवा मागच्याच्या डोक्यावर जाऊन बसला. या चुका ढोबळ. डोळ्यांना लगेच दिसतात.

दुसऱ्या प्रकारच्या चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ् घ्या. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ज्या 'ऱ'ची योजना मुळात दक्षिणेतल्या भाषांचे उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी झाली, त्याचा पाय मोडून. दोन, साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. सुऱ्या, दऱ्या, होऱ्या, वाऱ्या, अशा प्रत्येक शब्दात हे दुहेरीपण माझ्या संग्रहात शिरले, कारण रूपांतरातून आलेल्या नोंदी एका पद्धतीच्या आणि मी नंतर हाताने भरलेल्या दुसऱ्या. तीच गत 'ॲ'ची. हे अक्षर मराठीसाठी युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी कोणी अ लिहून त्यावर अर्धचंद्र दिला, कोणी हिंदीचा 'ऍ' वापरला. तीन लेखने, तिन्ही आज आंतरजालावर नांदतात.

वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर. म्हणून फाइल तशीच क्रमाने लावली तर कोश मराठी राहत नाही. मराठी क्रम वेगळा सांगावा लागतो. तो सांगण्याची सोय आहे, हे युनिकोडच्या बाजूने म्हटले पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये सांगायला जागाच नव्हती. तिथे क्रम लागला असता तो तुकड्यांच्या खणांचा. पंचवीस वर्षे मी संगणकावर शब्दसंग्रह करत होते आणि त्याचा अकारविल्हे क्रम हाताने लावत होते. त्यात काही विपरीत आहे असे मला तेव्हा वाटले नाही, याचे आता नवल वाटते.

५

तर मग 'पर्याय' कशाला म्हणायचे?

शब्दांची नोंद ठेवणाऱ्याला या शब्दाची सावधगिरी ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात पाणी, जल, नीर हे समानार्थी शब्द म्हणून एका ओळीत येतात. पण नळाला जल येत नाही आणि अभिषेक नीराने होत नाही. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या जागेत असतो. एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहिल्याशिवाय तो पर्याय आहे की नाही ते कळत नाही. सॉफ्टवेअरच्या याद्या मात्र शाळेच्या पुस्तकाच्या पातळीवर थांबतात. एका नावापुढे दुसरे नाव. स्क्रायबस हा पेजमेकरचा पर्याय आहे का? पृष्ठमांडणी करतो, म्हणून आहे. मराठीसाठी? बरीच वर्षे तो नव्हता, कारण त्याच्या १.४ च्या मालिकेत देवनागरीची जोडाक्षरे मोडून पडत. हर्फबझ नावाचे अक्षरजोडणीचे साधन त्यात घेतल्यावर ती जुळू लागली आणि जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीपासून ती सोय सगळ्यांच्या हाती आली. तेव्हा हे दोन उत्तरांचे प्रश्न आहेत, आणि दुसरे उत्तर कोणत्या सालचे तेही सांगावे लागते.

या हर्फबझविषयी थोडे सांगायला हवे. पडद्यावरचे देवनागरी जुळवण्याचे काम आज लिबरऑफिसमध्ये, फायरफॉक्समध्ये आणि आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये हेच साधन करते. त्याचे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. आपल्या जुन्या मराठीतला 'हरफ' तोच. वेलांटी कुठे बसवायची, रफार कोणाच्या डोक्यावर द्यायचा, हे ठरवण्याचे जे काम १९९८ साली मी आणि माझा फॉन्ट मिळून हाताने करत होतो, ते आता हे साधन करते आणि साठवलेल्या मजकुराला हातही लावत नाही. अक्षर एका जागी, त्याचे दिसणे दुसऱ्या जागी. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत मराठी लेखनात घडलेला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि आपल्या वाङ्मयीन चर्चेत त्याला एक परिच्छेदही मिळालेला नाही.

इथे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांशी माझा थोडा मतभेद आहे. कार्यक्रम मुक्त झाला की लिहिणारा मुक्त झाला, असे ते बोलतात. २०१४ साली सुरू झालेल्या डॉक्युमेंट लिबरेशन या प्रकल्पाने जुन्या, बंदिस्त फाइल उघडण्याची साधने तयार केली. पेजमेकरच्या फाइलही त्यामुळे लिबरऑफिसमध्ये उघडू लागल्या. काम मोठे आहे. पण पेजमेकरची मराठी फाइल अशी उघडली की पेटीचे झाकण निघते आणि आत तुकड्यांचे आकडेच असतात. उलट एखाद्याने पैसे देऊन घेतलेल्या वर्डमध्ये युनिकोडात लिहिले असेल, तर त्याचा मजकूर कोणत्याही कार्यप्रणालीत सुखाने जातो. म्हणजे मराठी लेखकाच्या दृष्टीने फाळणीची रेषा विंडोज आणि लिनक्स यांच्यामधून जात नाही. ती अक्षर साठवणे आणि चित्र साठवणे यांच्यामधून जाते. लिनक्सवर येण्याने माझ्यावर उपकार झाला तो इतकाच की ती रेषा मला दिसली.

दुसरा आक्षेप मित्रांकडून येतो: पीडीएफ करून ठेवा, दिसण्याशी मतलब. दिवाळी अंकांचे जुने संच स्कॅन करून ठेवण्याचे काम अनेक जण करत आहेत आणि ते व्हायलाच हवे. पण तुकड्यांच्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमधली ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की पुन्हा तोच रोमन कचरा पडतो. आणि छापील पान वाचून अक्षरे ओळखणारी यंत्रे प्रमाण मराठीवर पोसलेली असतात. माझी काही जुनी प्रिंट मी अशा यंत्रातून काढून पाहिली. अनेक ठिकाणी 'डोला'चे 'डोळा' झाले होते. यंत्राने माझी चूक सुधारली होती. बोलीच्या संग्राहकाला यापेक्षा घातक मदत नाही. कारण मोडलेले अक्षर नजरेला खुपते, सुधारलेले खुपत नाही.

६

आता तिसऱ्या प्रकारच्या चुका, ज्यांच्यापाशी मी अजून थांबले आहे. माझी फाइल एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्यांवर लिहिली गेली: पहिली २००४ पर्यंत, दुसरी त्यानंतर. दोन्हींच्या दरम्यान काही तुकड्यांचे खण बदलले होते. रूपांतराच्या साधनाला दुसरी आवृत्ती ठाऊक होती, पहिली नव्हती. बदललेल्या खणांत 'ळ'चा खण होता. पहिल्या काळातल्या नोंदींत जिथे मी 'ळ' लिहिला होता, तिथे काही ठिकाणी 'ल' आला, आणि फाइल मध्येच एकदा नव्या फॉन्टमध्ये उघडून दुरुस्त केल्यामुळे काही ठिकाणी तो तसाच राहिला. एरवीच्या मजकुरात ही चूक कोणीही सहज दुरुस्त करील. शुद्धलेखन तपासणारे साधन एका क्षणात करील. माझ्या संग्रहात तीच दुरुस्ती पुरावा नष्ट करील. कोणी 'ळ' म्हणत होते आणि कोणी 'ल', हीच तर नोंद होती.

जुन्या फॉन्टची मूळ आवृत्ती एका बंद पडलेल्या छपाईवाल्याच्या डिस्कवर सापडली, तिचा तुकड्यांचा तक्ता हाताने मांडला, आणि बहुतेक नोंदी त्यावरून लागल्या. या कामात एक गोष्ट लक्षात आली, ती इतरांच्या उपयोगाची आहे. हा तक्ता, म्हणजे कोणत्या खणात कोणता तुकडा, एका पानाचा ऐवज आहे. तो प्रत्येक जुन्या फाइलीबरोबर ठेवलेला असता तर माझे चार महिने वाचले असते. ज्या प्रकाशकांच्या, नियतकालिकांच्या कपाटांत वीस-पंचवीस वर्षांच्या सीडी पडून आहेत, त्यांनी आज निदान एवढे करावे: फॉन्टचे नाव, आवृत्ती आणि त्याची फाइल मजकुराशेजारी ठेवावी. नव्या अंकाचे काम डीटीपीवाल्याकडे देताना छपाईच्या पीडीएफबरोबर युनिकोडमधला साधा मजकूरही मागून घ्यावा. आणि कोणी पर्यायांची यादी हातात ठेवली तर तिला एक तिसरा रकाना जोडावा: यात घातलेला मजकूर उद्या बाहेर कसा निघतो? लेखकाच्या कामाचा रकाना तो आहे. पहिले दोन विक्रेत्याच्या आणि प्रचारकाच्या कामाचे.

शाळेत निबंध तपासताना मी मुलांच्या वह्यांत 'डोला' दिसला की तांबड्या शाईने 'ळ' करत असे. तेच माझे काम होते आणि त्याबद्दल मला पगार मिळत असे. संध्याकाळी त्याच मुलांच्या आज्यांकडे बसून 'डोला' टिपून घेत असे. ही विसंगती तेव्हा जाणवली नाही. आज संगणकाने केलेली दुरुस्ती पाहताना ती जाणवते, आणि यंत्राला दोष देताना हात थोडा आखडतो.

सत्तेचाळीस नोंदी उरल्या आहेत. त्यांतली एक भाताच्या मळणीच्या जागेची. माझ्या फाइलमध्ये आता 'खला' असे आहे. शेजारच्या आळीतल्या ज्या काकूंकडून २००१ साली मी तो शब्द घेतला, त्यांनी 'खला' म्हटले होते की 'खळा', ते मला आठवत नाही. दोन्ही उच्चार इथे ऐकू येत होते, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांना विचारून उपयोग नाही. काकू २००९ साली गेल्या. वही पुरात गेली. जुन्या प्रिंटवर त्या ओळीवर पाण्याचा डाग आहे. खळे होते त्या जागी गोदाम आहे. ती नोंद मी दोन्ही रूपांनी ठेवली आहे, पुढे प्रश्नचिन्ह घालून. युनिकोडमध्ये ते चिन्ह नीट साठते.